पश्चिम सीमेचा शेजारी

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत समुद्राची मुक्त ये-जा होती आणि कोणती भूमी कोणाची हे ठरवण्याची घाई अजून कोणालाच लागलेली नव्हती, त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील एका खाडीच्या मुखाशी शैवल नावाचे एक ऋषी आपल्या पत्नीसह राहत असत. उंडी आणि सुरंगी यांच्या दाट छायेत, केतकीच्या कुंपणाआड त्यांची पर्णकुटी होती. आश्रमाची जागा सखल होती. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून समुद्राच्या बाजूने गुडघाभर उंचीचा मातीचा बांध घातलेला होता. पूर्वेला एक काळा कातळकडा उभा होता. त्या कड्यावर मृगाजिन पसरून ऋषी त्रिकाळ जपाला बसत, आणि त्यांच्या मुखातून निघणाऱ्या मंत्राच्या नादाने समुद्रपक्षीसुद्धा पंख मिटून स्थिर होत, असे सांगतात. पक्ष्यांचे मला ठाऊक नाही. पण जपाला बसलेले शैवल मध्ये उठले आहेत असे कोणी कधी पाहिले नव्हते, एवढे खरे.

ऋषिपत्नी सुवेला ही मोठी बोलकी बाई होती. शिष्य समिधा आणायला गेले की ती गाईशी बोले, गाय रानात गेली की उंडीच्या झाडाशी बोले, आणि सर्वांत जास्त बोले ती समुद्राशी. रोज माध्यान्ही चुलीवरचा भात उतरला की पहिली मूठ ती बांधापलीकडे पाण्यात टाकी आणि म्हणे, "घ्या, भाऊजी."

ऋषी हसत. "सुवेले, तो रत्नाकर आहे. ज्याच्या उदरातून ऐरावत निघाला, कौस्तुभ निघाला, त्याला तुझ्या मूठभर भाताचे काय अप्रूप?"

"रत्नं असतील त्यांच्या घरी," ती म्हणे, "पण भात कोण घालतं त्यांना? शेजारी आहेत आपले. दुसरं आहे कोण इथे?"

असे दिवस चालले होते. एका वर्षी भाद्रपदाच्या अमावास्येला, भर दुपारी, मोठे उधाण आले. शिष्य रानात गेले होते. शैवल कड्यावर सहस्र गायत्रीच्या अनुष्ठानाला बसले होते. बांधाला खेकड्याने कुठेतरी बीळ पाडले होते. त्या बिळातून आधी बोटभर धार आली, मग हातभर, आणि पाहता पाहता मातीचा एक तुकडा निखळला. सुवेलेने गवताचे भारे ओढून त्या भगदाडावर पाठीने दाबून धरले. एकाने दाबायचे आणि दुसऱ्याने माती लोटायची, असे ते दोन माणसांचे काम होते. तिने हाक मारली.

कड्यावर हाक स्पष्ट पोहोचली. शैवलांची शेवटची माळ चालू होती. त्यांनी मनात म्हटले, एवढी माळ झाली की उतरतो. दुसरी हाक आली तेव्हा अर्धी माळ उरली होती. तिसरी हाक आली तेव्हा अकरा मणी उरले होते. ते अकरा मणी त्यांनी पूर्ण केले, माळ मस्तकी लावली, डोळे उघडले, आणि खाली पाहिले तो आश्रम नव्हता. जिथे कुटी होती तिथे गढूळ पाणी फिरत होते आणि उंडीचे शेंडे तेवढे वर दिसत होते. सुवेला कुठेच नव्हती.

पाणी ओसरले तरी ती जागा पुन्हा कोरडी झाली नाही. समुद्राने तिथे आपला नवा पाट पाडला आणि दिवसातून दोनदा तो त्यावरून येऊ-जाऊ लागला. शिष्यांनी पंधरवडाभर शोध केला, मग एकेक करून दुसऱ्या गुरुकुलांची वाट धरली. ऋषींनी त्यांना थांबवले नाही. कड्यावर ते एकटेच राहिले. कोणाशी बोलण्याचे कारण उरले नाही, म्हणून बोलणेही सुटले.

काही कथेकरी इथे सागराला दुष्ट ठरवून मोकळे होतात आणि ऋषींच्या क्रोधाचे मोठे रसभरित वर्णन करतात. मला ते पटत नाही. शैवलांच्या ओंजळीत शापाचे पाणी होते. तीस वर्षांच्या तपाने तेवढे सामर्थ्य त्यांना निश्चित आले होते. त्यांनी तीन वेळा ओंजळ उचलली आणि तीनही वेळा ते पाणी बोटांतून गळून गेले. शापाला क्रोध लागतो, आणि त्यांच्या मनात क्रोधाच्या तळाशी दुसरेच काही बसले होते, ज्याकडे ते पाहत नव्हते. शेवटी त्यांनी एवढेच ठरवले की सुवेलेची चूल जिथे होती ती जागा समुद्राकडून परत घ्यायची. तपाने नव्हे, हातांनी. ती तीन दगडांची चूल सापडली की तिच्याजवळ बसायचे. त्यापलीकडे त्यांना काही नको होते.

परंतु ते ऋषी होते. दर्भाची काडीही वनस्पतीची क्षमा मागून तोडायची हा त्यांचा नेम. एवढी भूमी समुद्रातून काढायची तर अनुज्ञा हवी, म्हणून ते आधी जलाधिपती वरुणाच्या सभेत गेले. पोवळ्यांच्या सहस्र स्तंभांवर तोललेल्या, मोत्यांच्या झालरींनी झगमगणाऱ्या त्या सभेत वरुणाने त्यांना अर्घ्य दिले, आसन दिले आणि तो म्हणाला, "महर्षे, जलाचा स्वामी मी खराच. परंतु जलाखालचा तळ पृथ्वीचा. तिची हरकत नसेल तर माझीही नाही. मात्र तिने तसे आधी सांगितले पाहिजे."

शैवल पृथ्वीकडे गेले. सर्वंसहा पृथ्वी गाईच्या रूपात मेरूच्या उतारावर रवंथ करीत बसली होती. ती म्हणाली, "तळ माझ्याच अंगाचा आहे, बाळा. पण ज्यावरून पाणी फिरते ते अंग मी पाण्याच्या हवाली केले आहे. वरुणाने आधी पाणी काढावे, मग मी माझे म्हणणे सांगेन."

मग ते त्या प्रदेशाचा राजा उदग्रवर्मा याच्याकडे गेले. राजा शूर होता, दानी होता आणि सदैव घाईत असे. तो म्हणाला, "मुनिवर्य, आमचे राज्य ओल्या वाळूपाशी संपते. जी भूमी अस्तित्वातच नाही तिला आम्ही अनुज्ञा देणार तरी कशी? आधी भूमी दाखवा."

तिघांनीही निरोप देताना एकच प्रश्न केला होता: "सागराला विचारलेत का?" आणि तीनही वेळा शैवलांनी पाठ फिरवली होती. वरुणाच्या सभेत जाणे त्यांना जमले, मेरूपर्यंत चालत जाणे जमले. परंतु ज्याची भेट कड्यावरून चार पावले उतरल्यावर झाली असती त्याच्याशी शब्द बोलायला ते तयार नव्हते. कोणी 'हो' म्हटले नव्हते, कोणी 'नाही'ही म्हटले नव्हते. एवढ्या आधारावर काम सुरू करणारे ते काही जगातले शेवटचे नव्हेत.

त्यांनी बांध घालायला घेतला. ओहोटीला चिखल उपसावा, त्यात पेंढा तुडवावा, गोळे करून रचावेत, बाहेरून दगड लावावेत, आणि पुढच्या उधाणाने त्यातले अर्धे न्यावे. जटा मिठाने पांढऱ्या झाल्या, हाताच्या घट्ट्यांवरून रुद्राक्ष ओढला तरी कळेनासे झाले. बांध पडे, ते पुन्हा रचत. जप त्यांनी सोडला होता. माळ कड्याच्या कपारीत ठेवली होती ती तशीच राहिली, आणि तिच्यावर पक्ष्यांची विष्ठा साचली. अशी चोवीस वर्षे गेली.

या चोवीस वर्षांत त्यांच्याशी बोलणारे माणूस एकच होते. धोंडाई नावाची एक म्हातारी कोळीण ओहोटीला आपली डोणी वल्हवत येई आणि खडकांना चिकटलेले कालवांचे शिंपले कोयत्याने पाडी. तिला घर नव्हते. ती डोणीतच राही. ती ऋषींना, राजाला आणि देवाला सारखेच 'अरे-तुरे' करी.

बांधात शेवटची फट उरली, तेव्हा अष्टमीच्या भांगाची वेळ साधून ऋषी ती बुजवू लागले, कारण भांगाला पाण्याचा जोर सर्वांत कमी असतो. धोंडाई डोणी थांबवून पाहत राहिली.

"बाबा, दार कुठं ठेवलंस?" तिने विचारले.

"कोणाला दार?"

"त्याला." तिने कोयत्याने समुद्राकडे दाखवले. "भाहेरचं पानी थोपवशील रे, पन वरनं पडंल त्याचं काय? पावसाचं पानी मीठ धुतंय, ते मीठ घेऊन भाहेर कुठनं जाईल? फळीचं दार ठेव. ओहोटीला उघडतंय, भरती आली की आपसूक लागतंय. आमी उघाडी म्हनतो तिला."

"तो माझ्या घरात एकदा न विचारता आला," शैवल म्हणाले. "त्याला आता दार नाही."

"तुझं घर, तुझी मर्जी," असे म्हणून धोंडाईने डोणी लोटली. पण जाता जाता ती मागे वळून एवढे बोललीच, "बिनदाराचं घर मी तरी नाय बघितलं."

फट बुजली. बांधाच्या आत, केवढी तरी भूमी उघडी पडली. शैवल तिच्यावरून अनवाणी हिंडले. सगळीकडे पुरुषभर गाळ होता आणि वर मिठाची पांढरी पापुद्री होती. चूल कुठे होती ते त्यांना ओळखता येईना. उंडीची झाडे कुजून गेली होती, कुंपण नव्हते, खूण नव्हती. त्यांनी हातांनी शंभर ठिकाणी उकरले. पाऊस आला, आणि त्याला जायला वाट नसल्यामुळे आत तळे झाले. पाऊस गेला, तळे आटले आणि मीठ जिथल्या तिथे राहिले. तीन पावसाळे असेच गेले. गवताची काडी उगवली नाही. ज्या जागेसाठी त्यांनी अर्धे आयुष्य चिखलात घातले, त्या जागेवर ते उभे होते आणि तरीही तिथे पोहोचलेले नव्हते.

आणि मग सगळे आले. ज्या भूमीला कोणी अनुज्ञा देत नव्हते, ती भूमी सूर्यप्रकाशात चमकताना दिसताच तिचे स्वामी चहूबाजूंनी प्रकट झाले. वरुण मकरावर बसून आला आणि म्हणाला, "जल हटले म्हणून माझा अधिकार हटत नाही." पृथ्वी आली आणि म्हणाली, "माझे अंग मला परत मिळाले." राजा उदग्रवर्मा चतुरंग सेनेसह आला, रथांच्या घरघराटाने बगळे उडाले आणि पताकांच्या गर्दीने आकाश झाकले. त्याने जागा पायांनी मोजली आणि तो प्रसन्न झाला. "राज्यातील अस्वामिक भूमी राजाची," तो म्हणाला. "येथे सह्याद्रीचे पाषाण आणून दोन पुरुष उंच भराव घालीन आणि त्यावर दिग्विजयाचा प्रासाद उभारीन. मुनिवर्य, आपल्या श्रमांचा उल्लेख शिलालेखात अवश्य होईल."

भराव हा शब्द ऐकला मात्र, आणि शैवलांनी पायांखाली पाहिले. त्या गाळाखाली कुठेतरी सुवेलेची चूल होती. दोन पुरुष पाषाण पडले की ती कल्पान्तापर्यंत कोणाला दिसणार नव्हती.

त्यांनी हात जोडून ब्रह्मदेवांचे स्मरण केले. सृष्टिकर्ते हंसावरून उतरले ते थेट बांधावरच, कारण असले वाद सत्यलोकात बसून सुटत नाहीत हे त्यांनाही एव्हाना कळून चुकले होते. चारही मुखांनी त्यांनी चारही दिशा पाहिल्या. प्रत्येकाचे म्हणणे ऐकले. मग ते म्हणाले, "शैवला, ही भूमी तुझी असे तू म्हणतोस. तिची चतुःसीमा सांग."

"पूर्वेला कातळकडा, पितामह. दक्षिणेला कांदळवन. उत्तरेला खाडीचे मुख."

"आणि पश्चिमेला?"

ऋषींनी पश्चिमेकडे पाठ केली.

"बरे," ब्रह्मदेव म्हणाले, "सीमा राहू दे. शेजारी सांग. भूमी अमक्याची असे तिचा स्वामी म्हणतो त्याला अर्थ नाही. 'इथपर्यंत माझे आणि तिथून पुढे त्याचे' असे पलीकडचा म्हणतो, तेव्हा ती त्याची होते. एका शेजाऱ्याची साक्ष आण. जिला शेजारी नाही ती भूमी अस्वामिक, आणि अस्वामिक भूमी राजाची. सूर्य मावळेपर्यंत तुला अवधी आहे."

शैवलांनी सभोवार पाहिले. कड्यावर कोणी राहत नव्हते, कांदळवनात कोणी राहत नव्हते. सत्तावीस वर्षांत शेजारी म्हणून त्यांच्या दाराशी कोणी आले नव्हते आणि तेही कोणाच्या दारी गेले नव्हते. ते धोंडाईकडे वळले. ती डोणीत बसून कालवे सोलत होती.

"माझी कुठं जमीन, बाबा?" ती म्हणाली. "मी पान्यावरची. माझी साक्ष कोन धरील? तुझा शेजारी एकच हाय, आनि तो कवाचा ऐकतोय."

सूर्य पश्चिमेला कलला होता. राजाचे पाषाणभरले गाडे कड्याच्या वळणावर दिसू लागले होते. शैवल बांधाच्या पश्चिम टोकाला गेले आणि सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी समुद्राकडे तोंड करून तोंड उघडले.

"सागरा," ते म्हणाले. वेदघोषाने कडे दुमदुमवणारा तो आवाज एवढ्या एका शब्दाला फाटला.

पाणी स्तब्ध झाले. मग तिमिंगिलांच्या पाठीसारख्या काळ्याभोर लाटा दुभंगल्या आणि त्यांमधून नीलकांती, फेनाचे उत्तरीय पांघरलेला, प्रवाळकुंडले ल्यालेला, जटांमध्ये शेवाळ अडकलेला सरित्पती सागर वर आला. त्याच्यापुढे राजाची सेना खेळण्यासारखी दिसली. पण तो बांधाशी येऊन थांबला. अंगणाबाहेर पाहुण्याने उभे राहावे तसा तो संकोचून उभा राहिला, आणि आत आला नाही.

साक्षीचे राहून गेले. शैवलांनी विचारले ते भलतेच: "त्या दिवशी तू का आलास?"

"मुनिवर," सागर म्हणाला, "मी रोजच येतो. चंद्र ओढतो तेव्हा येतो, तो सोडतो तेव्हा जातो. थांबणे माझ्या हाती असते तर मी कुठेतरी थांबलो नसतो का? त्या दिवशी बांधाला बीळ होते. वहिनी एकट्याच होत्या. गवताच्या भाऱ्यांना पाठ लावून उभ्या होत्या आणि मला म्हणत होत्या, 'भाऊजी, जरा दम धरा. हे येतीलच एवढ्यात.'"

सागराने कड्याकडे पाहिले.

"त्यांनी तुम्हांला तीन वेळा हाक मारली. मी ऐकली. मलाही वाटले, तुम्ही याल." सागराने मान खाली घातली. "हे मी कधी बोललो नसतो. तुम्ही विचारलेत म्हणून सांगितले."

शैवल तिथेच बांधावर बसले. ब्रह्मदेव होते, वरुण होता, राजा होता, सेना होती. पण त्यांना आता कोणाची लाज उरली नव्हती. "मीही ऐकली," ते म्हणाले. "तीनही हाका ऐकल्या. पहिल्या हाकेला एक माळ उरली होती. दुसरीला अर्धी. तिसरीला अकरा मणी. मी ते अकरा मणी ओढले. मला वाटले, पाणी आहे, थांबेल. बायको आहे, थांबेल. पितामह, मी सागराशी बोललो नाही तो रागाने नव्हे. त्या हाकांना एवढा एकच साक्षीदार होता, आणि मला त्याला तोंड दाखवायचे नव्हते."

धोंडाईचा कोयता थांबला होता.

शेवटी ब्रह्मदेवांनी विचारले, "सागरा, तुझी साक्ष काय?"

"या बांधाच्या बाहेर मी आहे आणि आत हे आहेत," सागर म्हणाला. "आतली भूमी यांची. माझे तिच्यावर काही म्हणणे नाही."

राजा उदग्रवर्मा उसळून म्हणाला, "मग हा बांध चोवीस वर्षे पुन्हा पुन्हा पाडला कोणी?"

"पडला तो माझ्या येण्या-जाण्याने पडला, राजन्. मी पाडला एकदाही नाही. हा पुरा व्हावा असे मलाच वाटत होते." त्याचा गंभीर आवाज खाली आला. "माझ्या काठाला माणसे येतात, जाळी टाकतात, अस्थी टाकतात, निघून जातात. भाऊजी म्हणणारे घर एकच होते. ते माझ्याच हातून गेले. तेव्हापासून भाताची मूठ कोणी दिली नाही, आणि समोर हे एकटे चिखल रचत होते. यांचा बांध झाला तर निदान शेजारी तरी होईल, एवढीच मला आशा होती. पण यांनी दार ठेवले नाही."

मग तो शैवलांना म्हणाला, "तुम्ही चूल शोधता आहात. ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे. रोज दोनदा तिच्यावरून माझा हात फिरत होता. पण बोटाने दाखवता येण्यासारखी ती नाही. मला एकदा आत यावे लागेल."

सत्तावीस वर्षे ज्याला बाहेर ठेवण्यासाठी हाडे झिजवली, त्याला स्वतःच्या हाताने आत घ्यायचे. शैवल उठले. त्यांनी शेवटची फट बुजवली होती त्याच जागी कुदळ घातली. गोळे घट्ट बसले होते, हात म्हातारे झाले होते. धोंडाई डोणीतून उतरली, आपल्या डोणीची एक रुंद फळी तिने उचकटली आणि ती बांधावर आली. एकाने माती ओढायची आणि दुसऱ्याने फळी तोलून धरायची, असे ते दोन माणसांचे काम होते. सूर्यबिंब पाण्याला टेकायच्या आत बांधाला दार झाले.

सागर आत आला. तो हलकेच आला, गुडघाभर पाण्याने आला, भूमीवरून एकदा फिरला आणि गाळ घेऊन ज्या दाराने आला त्याच दाराने परत गेला. पाणी गेल्यावर भूमीच्या मध्यभागी तीन दगड उघडे पडलेले दिसले. त्यांतला डावीकडचा दगड कलता होता. तो डुगडुगू नये म्हणून सुवेलेने त्याखाली शिंपल्याची चीप सरकवली होती. चीप तशीच होती.

शैवल त्या दगडांपाशी जाऊन बसले आणि मोठ्याने रडले. मी ही कथा जितक्या वेळा सांगितली, तितक्या वेळा इथे थांबलो आहे. सत्तावीस वर्षांचे रडणे होते ते, आणि त्यात त्यांना कोणी अडवले नाही.

ब्रह्मदेव म्हणाले, "शैवला, भूमी तुझी. वर माग."

"तिची हाक पुन्हा एकदा ऐकू यावी."

"ते माझ्या हाती नाही," ब्रह्मदेव म्हणाले, आणि चारही मुखांनी त्यांनी डोळे मिटून घेतले. "दुसरे माग."

तेव्हा ऋषींनी चुलीजवळ साचलेले खारे पाणी ओंजळीत घेतले, आणि या वेळी ते गळून गेले नाही. ते म्हणाले, "तर मग हा वरही आहे आणि हा शापही आहे. समुद्रातून काढलेली ही भूमी राजाच्या मुद्रेने कोणाची होणार नाही आणि देवाच्या अनुज्ञेनेही होणार नाही. जो हिचे दार राखील त्याची ही भूमी. आणि जो हिच्यावर राहील त्याला हाक ऐकून बसून राहता येणार नाही. हातात जपमाळ असो, घास असो वा खड्ग असो, पहिल्या हाकेला तो उठेल. जो दुसरीची वाट पाहील, त्याच्यापुरती ही भूमी पुन्हा समुद्राची होईल."

"तथास्तु," ब्रह्मदेव म्हणाले. पृथ्वीने मान डोलावली. वरुण मकरावर बसून निघून गेला. राजा उदग्रवर्म्याने क्षणभर विचार केला. जिथे कोणाच्याही हाकेला सिंहासनावरून उठून धावावे लागेल तिथे प्रासाद कशाला बांधायचा, असे वाटून त्याने गाडे परत फिरवले. शिलालेख अर्थातच राहून गेला.

पुढे तीन पावसाळे उघाडीतून मीठ वाहून गेले आणि चौथ्या वर्षी त्या भूमीत तांबडा भात उभा राहिला. खाडीपलीकडची माणसे येऊन वसली. धोंडाईने म्हातारपणी पहिल्यांदा जमिनीवर झोपडी बांधली आणि आपल्याला झोप येत नाही अशी तक्रार शेवटपर्यंत केली. त्या माणसांच्या वंशजांत अजून रीत आहे: बांधावरून हाक आली की जेवणारा भरल्या ताटावरून उठतो, पूजेला बसलेला ताम्हन तसेच ठेवून उठतो, आणि अर्धवट राहिलेली पूजा देवाला पोहोचली असे मानतात. आणि नवा भात झाला की पहिली मूठ उघाडीबाहेर पाण्यात पडते.

शैवल तिथेच राहिले. दार राखण्याचे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला दिले नाही. रोज माध्यान्ही ते तीन दगडांवर भात शिजवीत, एक मूठ उघाडीबाहेर टाकीत आणि समुद्राशी चार शब्द बोलत. भरती चढू लागली की पाण्याच्या रेट्याने फळी लागे. लागण्याआधी ती चौकटीवर तीनदा वाजे. तो आवाज कसला आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही पहिल्याच ठोक्याला ते हातातले टाकून उठत आणि दाराकडे जाता जाता म्हणत, "आलो ग, आलो."